गाडी मागे घेणारा चंडोल

आमच्या माळावरचा तुरेवाला चंडोल एसटी मागे घेतानाची शिट्टी हुबेहूब वाजवतो, असं पक्ष्यांच्या एका अहवालात छापलेलं आहे. ही नोंद खोटी आहे. ती शिट्टी चंडोलाची नव्हती, माझी होती. मी त्या वेळी एका बोरीच्या जाळीमागे उकिडवा बसलो होतो आणि माझ्या हातात पाण्याची बाटली होती.

एवढंच असतं तर मी गप्प राहिलो असतो. माणसांनी काय लिहिलं याचं चंडोलाला काही सोयरसुतक नाही. पण त्या शिट्टीपायी चांगल्या कानाच्या एका माणसाला आपण बहिरे झालो असं वाटलं. वर्षभर त्याने कानात मशीन घातलं आणि शेवटी शेळ्या देऊन टाकायला काढल्या. माझं वय चौऱ्याहत्तर आहे. जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गाडी मागे घ्यायची वेळ आली की कंडक्टरने खाली उतरायचं, मागे जायचं आणि शिट्टी वाजवायची. येऊ दे, येऊ दे अशा तुटक शिट्ट्या, आणि थांबायचं असेल तेव्हा एक लांब. माझी शिट्टी नोकरीच्या पहिल्याच वर्षी हरवली. साहेबांकडे दुसरी मागायची लाज वाटली, म्हणून मी जीभ वरच्या दातांना लावून तोंडानेच वाजवायला शिकलो. ती इतकी जमली, की ड्रायव्हर म्हणायचे, लोखंडाची शिट्टी परवडली, तुझी कानात घुसते. रिकाम्या वेळात मग मी त्याच दातांतून पाखरांच्या नकला करू लागलो. टिटवी, होला, राघू. डेपोत लोक हसायचे.

माझा मित्र वारंगा फाट्याच्या अलीकडच्या एका तांड्यावरचा. त्याला मी नाईक म्हणतो. तो काही तांड्याचा नाईक, म्हणजे पुढारी, नव्हे, पण पहिल्याच भेटीत तो तशा तोऱ्यात बोलला, म्हणून ते नाव पडलं. माझ्या गाडीत तो करडू घेऊन चढला होता. मी करडाचं तिकीट मागितलं.

"मांडीवर हाय," तो म्हणाला. "मांडीवरच्या लेकराचं तिकीट घेता का तुमी?"

"हे लेकरू हाय का?"

"माझंच हाय. तोंड बघा."

सगळी गाडी हसली. मी तिकीट फाडलंच. तो दर बाजारी भांडायला माझीच गाडी पकडायचा, आणि अशी आमची दोस्ती झाली. मी निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा तो माळावर शेळ्या चारत होता. मला काही काम नव्हतं, म्हणून मीही त्याच्याबरोबर माळावर जाऊ लागलो.

चंडोल मला त्याने दाखवला. त्याआधी मी तो हजार वेळा पाहिला असेल, पण ढेकूळ म्हणून. मातीच्या रंगाचा, चिमणीहून जरासा मोठा, डोक्यावर टोकदार तुरा. झाडावर बसायची त्याला हौस नाही. तो माळावर तुरुतुरु चालतो, बी टिपतो, किडा धरतो, धुळीत अंघोळ करतो आणि रात्री जमिनीवरच झोपतो. घरटंही जमिनीवर. गवताच्या ठोंबाच्या आडोशाला, कधी गुरांच्या खुराने पडलेल्या खळग्यात, वाटीएवढं. घरटं कुठे आहे ते कळू नये म्हणून मादी लांब उतरते आणि मग इकडेतिकडे बघत, बाजारातून सहज परतल्यासारखी चालत घरी जाते. नाईक सांगायचा, "पाखरू उतरलं तिथं घरटं शोधनारा येडा. ते चालून जातं तिथं बघ."

होळीच्या आसपास नर गाऊ लागतो. पंख फडफडवत वर वर जातो आणि वरून गाणं सोडतो. त्या गाण्यात निम्मा माल चोरीचा असतो. मधेच टिटवी, मधेच राघू, मधेच कोतवाल. आपल्याला वाटतं पाच पाखरं आहेत, असतो एकटा तो.

नाईक माळावर बसायचा तो डोळे मिटून. मी एकदा म्हणालो, "झोपला का रे? शेळ्या?"

"शेळ्या कानात हायत," तो म्हणाला. आणि खरंच होतं ते. कोणती शेळी किती लांब गेली हे तो घुंगरावरून सांगायचा. चंडोल गाता गाता गप्प झाला की म्हणायचा, वर शिक्रा आहे. जमिनीवरून तो एका ठराविक सुरात ओरडायला लागला की नाईक काठी घेऊन उठायचा, कारण गवतातून काहीतरी येत असायचं. साप, मुंगूस, किंवा लांडगा. त्याच्या लेखी चंडोल हा बिनपगारी राखणदार होता.

हे सगळं मी त्याच्याकडून शिकलो आणि एके दिवशी वारंगा फाट्यावर चहा पिताना, गळ्यात दुर्बीण असलेल्या एका बाहेरगावच्या साहेबांना माझं म्हणून सांगितलं. साहेबांनी वही काढली. मी फुगलो. "आमच्या माळावर या तुम्ही कधीही," मी म्हणालो. "चंडोल तुमच्यासमोर गायला नाही तर विचारा."

साहेब पौषात आले. बरोबर चार जण होते. साहेबांच्या डोक्यावर गोल टोपी आणि एका तरुणाच्या हातात काठीला लावलेला केसाळ माईक. नाईक माझ्या कानात म्हणाला, "ही मेलेली खार काठीला बांधून काहून आनली?"

"आवाज धरायचं यंत्र हाय ते."

"कशाचा आवाज? थंडीत गात न्हाई तो, हे सांगितलं का न्हाई तू त्यायला?"

सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मला ते माहीत होतं. पौषात चंडोल थव्याने असतात, चरतात, गाण्याच्या भानगडीत पडत नाहीत. पण "कधीही" म्हणून बसलो होतो ना.

दोन तास आम्ही माळ तुडवला. चंडोल होते, पंधरा-वीस होते, आमच्यापुढे पळत होते आणि एक जण तोंड उघडेल तर शपथ. पाहुणे मोठे शिस्तीचे, कोणी काही बोललं नाही. पण साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. ते घड्याळ मला टोचलं. बत्तीस वर्षं लोक माझ्याकडे बघून घड्याळ बघत आले होते, पण तेव्हा निदान दोष गाडीचा असायचा.

मी म्हणालो, "मी जरा जाऊन येतो," आणि बाटली उचलली. बाटली उचलून माळावर निघालेल्या माणसाकडे सभ्य लोक पाहत नाहीत. मी बोरीच्या जाळीमागे गेलो, बसलो, आणि जीभ दाताला लावली.

फक्त थोडीशी चंडोलाची शीळ घालायची, त्यांना एकदा लांबून ऐकू द्यायची आणि थांबायचं, असा माझा बेत होता. पण पहिली तान सुटताच पलीकडून साहेबांचा दबका आवाज आला, "शू! ऐका!" इतक्या आदराने मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मी टिटवी घातली. राघू घातला. पुन्हा चंडोल. पलीकडे श्वास रोखलेले. मग माझं भान सुटलं, आणि जी गोष्ट बत्तीस वर्षं या तोंडाने रोज केली ती आपोआप बाहेर पडली. येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस्स.

मी हबकलो आणि गप्प झालो. तेवढ्यात नाईकचा खणखणीत आवाज आला.

"सायेब, हे चंडोल न्हाई. ही आखाडा बाळापूरची गाडी हाय. मागं घेऊन राहिले."

मी जाळीमागे आणखी खाली वाकलो. पण साहेब आनंदाने ओरडले, "ऐकलंत? मामांनीसुद्धा ओळखलं! नक्कल इतकी हुबेहूब आहे की मामांना खरी गाडी वाटली!"

"गाडी वाटली न्हाई सायेब. माणूस हाय तो. पाखराचा दम एवढा नसतो. अन् आवाज खालून येऊन राहिला."

"चंडोल जमिनीवरूनही गातो मामा," साहेब समजावून म्हणाले. त्यात चूक काहीच नव्हती, गातोच तो.

"गातो. पर पौषात न्हाई."

"हेच तर विशेष आहे!" असं म्हणून साहेबांनी वहीत लिहून घेतलं. हमरस्ता जवळ, फाट्यावर गाड्या वळतात, पक्ष्याने शिट्टी उचलली. सगळं कसं बरोबर बसत होतं. मी बाटली घेऊन परत आलो तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काका, ऐकलंत का?"

मी म्हणालो, "ऐकलं." तेवढं मात्र खरं होतं.

जाताना साहेबांनी पिशवीतून पक्ष्याचं चित्र छापलेली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. नाईकशी हात मिळवला आणि म्हणाले, "मामा, या वयात कान थोडे फसवतात. वाईट वाटून घेऊ नका."

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं बाभळीखाली भाकर सोडून बसलो. नाईकने घास हातात धरला, पण खाल्ला नाही.

"कंडक्टर, जाळीमागं तूच व्हता ना?"

"मी परसाकडं गेलो व्हतो."

"शिट्टी तू वाजवली."

"मी काहून वाजवू?"

"ठेव भाकरीवर हात."

आमच्याकडे भाकरीवर हात ठेवून माणूस खोटं बोलत नाही. तिथे मामला संपतो. मी त्या वेळी खरं सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता आणि आयुष्यभर मला छळलं असतं, यापलीकडे काही झालं नसतं. पण डोक्यावर टोपी होती. ती तासाभरापूर्वी मिळाली होती. मी हात ठेवला.

नाईकने माझ्या हाताकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मंग माझेच कान गेले," आणि जेवू लागला.

मला वाटलं चार दिवसांत विसरेल. तो विसरला नाही. महिन्याभरात त्याने हिंगोलीच्या बाजारात चष्मे-घड्याळं विकणाऱ्याकडून कानाचं मशीन आणलं. मी म्हणालो, डॉक्टरला तरी दाखव. तो म्हणाला, "डॉक्टर काय सांगनार? माणूस अन् पाखरू मला वेगळं ऐकू येईना, याच्याहून मोठी तपासनी कोनती?"

चांगल्या कानात मशीन घातल्यावर काय होतं हे मी पाहिलं आहे. शेळी कडबा खायला लागली की नाईक दचकायचा. हळदीचे ट्रॅक्टर रस्त्याने गेले की दोन्ही हातांनी डोकं धरायचा. त्याची बायको मला म्हणाली, "भाऊजी, यायच्या कानात मशीन आल्यापासून मला घरात बांगडी वाजवायची चोरी झाली. परवा म्हनले, काहून एवढ्या जोरात भात शिजवून राहिली?"

मी हसलो. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही. इकडे माझं बरं चाललं होतं. गावात मला चंडोलवाले काका म्हणू लागले. अहवाल छापून आला तेव्हा हॉटेलात कोणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवला. नाईकचाही उल्लेख होता त्यात, "एका अनुभवी स्थानिक मेंढपाळालाही ही गाडीच वाटली" असा. शेळ्यांना मेंढ्या केलं याचं त्याला जास्त वाईट वाटलं असेल असं मी मनाला समजावत होतो.

मग पुढच्या फाल्गुनात लांडग्याने त्याची एक तरणी शेळी नेली. भर दुपारी. चंडोल ओरडत होता, मी स्वतः बांधावरून ऐकला. नाईकच्या मशीनमध्ये त्या वेळी हमरस्ता भरला होता. संध्याकाळी तो म्हणाला, "कान न्हाई त्यानं शेळ्या राखू न्हाई. जावयाला देऊन टाकतो. न्हाई घेतल्या तर बाजार दाखवतो."

शेळ्या गेल्यावर हा माणूस माळावर येणार नव्हता. आणि माळावर न येणारा नाईक म्हणजे काय, याचा विचार मला करवेना. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तांड्यावर गेलो.

"ती शिट्टी माझी व्हती," मी उभ्याउभ्याच सांगितलं.

तो शेळीचं दूध काढत होता. त्याने वरही पाहिलं नाही. "दया करून राहिला का?"

"दया न्हाई. खरं सांगून राहिलो."

"म्हंजे भाकरीवर हात ठेवून खोटं बोलला?"

"व्हय."

आता तो हसला. "करडाचं तिकीट न सोडनारा माणूस तू. तू भाकरीवर खोटं बोलनार? मला बरं वाटावं म्हनून बोलतो, कळते मला. बस, दूध पी."

"अरे वाजवून दाखवतो!"

"दाखव."

इथे एक अडचण होती. मधल्या काळात माझे पुढचे दात काढले होते आणि मी कवळी बसवली होती. मी जीभ लावली, जोर केला. फुस्स. पुन्हा केला. फुस्स. नाईकची बायको दारात येऊन म्हणाली, "काय झालं भाऊजी, सायकलीची हवा गेली का?" मी कवळी काढून खिशात ठेवली आणि शेवटचा प्रयत्न केला. त्याने फक्त समोरच्या बोकडाचं तोंड ओलं झालं.

मग मी हॉटेलात सांगितलं. चार लोकांत, मोठ्याने, की अहवाल खोटा आहे, नाईकचे कान शाबूत आहेत. लोक हळहळले. एक जण म्हणाला, "बघा, दोस्तासाठी स्वतःकडे कमीपणा घेतो. असं मन पाहिजे." माझ्या चहाचे पैसे कोणी मला देऊ दिले नाहीत. खोटं बोलायला मला एक शिट्टी पुरली होती. खरं बोलायला काहीच पुरेना.

चैत्रात साहेबांचा फोन आला. काही जाणकार त्या नोंदीवर शंका घेत होते, म्हणून तोच आवाज पुन्हा धरायला ते येत होते. मला देव पावल्यासारखं झालं. नाईकला मी हाताला धरून माळावर आणलं. त्याचा जावई दोन दिवसांनी शेळ्या न्यायला येणार होता.

त्या सकाळी चंडोल नुसते उधळले होते. एक खाली आला की दुसरा वर. साहेब, तीच टोपी, तीच खार. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुमच्या मित्राबद्दल मला गावातल्यांकडून फोनवर कळलंय. तुमची भावना समजते. पण शास्त्रात भावना चालत नाही. हे ऐका." आणि त्यांनी मोबाइलवर ते पौषातलं रेकॉर्डिंग लावलं.

माझीच तान माळावर घुमली. टिटवी, राघू, मग गाडी. नाईकच्या मशीनमध्ये नेमकी चिर्र चिर्र सुरू झाली, म्हणून त्याने वैतागून ते उपसून खिशात टाकलं. रेकॉर्डिंग संपलं. साहेब मोबाइल ठेवणार तोच नाईक म्हणाला, "थांबा. शेवट परत लावा."

परत लावला.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा लावल्यावर नाईकने मान तिरकी केली, चंडोलासारखी. "शिट्टी झाल्यावर, तुमी लोकं बोलून राहिले त्याच्या मागं. ती 'आई गं' कोनाची हाय?"

"कोणती आई गं?" साहेब म्हणाले. कोणालाच ऐकू आलं नव्हतं. खारवाल्या तरुणाने मोठे हेडफोन कानाला लावले, आवाज वाढवला आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने हेडफोन साहेबांना दिले. साहेबांनी ऐकलं. मग मला दिले. उकिडव्यावरून उठताना माझे गुडघे मोडतात आणि तोंडून "आई गं" निघतं, हे माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे. पलीकडच्या माणसांच्या बोलण्याखाली दबलेलं, पण होतं ते, बारीक आणि स्पष्ट. आधी गुडघ्याचा कट्ट आवाज, मग आई गं.

बरोबरच्यांपैकी एक जण अजूनही आशेवर होता. "सर, पक्ष्याने माणसाचा आवाजही उचललेला असू शकतो ना?"

"बाबा," नाईक त्याला शांतपणे म्हणाला, "त्या पाखराला गुडघे दुखायचं काय कारन?"

साहेब खाली दगडावर बसले. मग, त्यांचं कौतुक करायला हवं, उठले आणि नाईकसमोर हात जोडले. "मामा, कान माझे गेले होते," म्हणाले. आणि वही काढून तिथल्या तिथे, सर्वांसमोर, ओळ खोडली.

माझ्याकडे मात्र नाईकने पाहिलं नाही. डोक्यावर चंडोल गात होते, खाली एक मादी चोचीत किडा धरून आमच्या जाण्याची वाट पाहत ढेकळामागे उभी होती, आणि तो शेळ्या वळवून एक शब्दही न बोलता तांड्याकडे निघून गेला.

शेळ्या त्याने दिल्या नाहीत, विकल्याही नाहीत. जावई आला तसा गेला. पण माझ्याशी बोलणं बंद. मी माळावर गेलो की तो डोळे मिटून बसायचा. माझ्या चपलांचा आवाज त्याला लांबूनच येत असणार, कारण मी पोचायच्या आत तोंड पलीकडे झालेलं असायचं. अडीच महिने असे गेले. मग त्याच्या बायकोने निरोप आणला, "म्हनतात, जेवढ्या लोकांत खोटं छापून आलं तेवढ्या लोकांत खरं लिवायला सांगा. अन् पयले इथं येऊन वाचून दाखवायचं."

म्हणून हे लिहिलं. काल तांड्यावर लिंबाखाली बसून वाचून दाखवलं. दहा-बारा माणसं होती. करडाच्या तिकिटाला हसले, कवळीला जास्त हसले, भाकरीच्या जागी कोणी हसलं नाही. नाईक शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होता. मी कागद खाली ठेवले तेव्हा त्याने डोळे उघडले.

"एक जागा चुकली," तो म्हणाला. अडीच महिन्यांत मला उद्देशून आलेले ते पहिले शब्द.

"कोनती?"

"त्या दिवशी मी एक शब्द न बोलता निघून गेलो असं लिवलं तू. मी शिवी दिली व्हती तुला. जाता जाता."

"मला तर ऐकू आली न्हाई."

"तुला कुठून येनार?" तो म्हणाला, आणि ती शिवी त्याने पुन्हा एकदा दिली, या वेळी सर्वांना ऐकू जाईल अशी. त्याची बायको पदर तोंडाला लावून घरात पळाली. ती शिवी इथे लिहिण्यासारखी नाही. पण दिली होती, आणि मला लागू होती, एवढी नोंद मी त्याच्या सांगण्यावरून करतो.